श्वासाची वाट आणि नळीचे माप

सिंदफणा नदीकाठचे शिरूर कासार आज बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत मात्र ते, साऱ्या बीड जिल्ह्याप्रमाणे, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्याच्या इतिहासात निजामी राजवटीचा उल्लेख आला की शेतसारा, रझाकार आणि मुक्तिसंग्राम हे विषय ओघाने येतात, आणि ते योग्यच आहे. पण याच राजवटीच्या तिजोरीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका वैज्ञानिक वादाच्या निवाड्यासाठी पैसा खर्च झाला आणि त्यासाठी लंडनहून एक नामांकित डॉक्टर हैदराबादेत येऊन राहिला, ही गोष्ट शाळेत सहसा सांगितली जात नाही. वाद असा होता: शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेला माणूस दगावतो तेव्हा आधी काय बंद पडते, हृदय की श्वास?

या प्रश्नाचा माग काढत गेलो की आपण एका अगदी साध्या वस्तूपाशी येऊन पोचतो. ती वस्तू म्हणजे भूल दिलेल्या माणसाच्या घशात बसवायची नळी. ती किती लांब असावी, कशी वाकलेली असावी, घशाला किती घट्ट बसावी, या प्रश्नांनी शंभराहून अधिक वर्षे भूलतज्ज्ञांना गुंतवून ठेवले आहे. औषधांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. नळीच्या मापाचा इतिहास तितकाच रंजक आहे, आणि त्यात शाळेतील भौतिकशास्त्राला भरपूर काम आहे.

एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी 1847 च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरात आणले. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली मरण पावली. शस्त्रक्रिया होती पायाच्या बोटाचे नख काढण्याची. काही मिनिटांत सारा खेळ संपला. मुलगी पांढरी पडलेली पाहून डॉक्टरांनी तिच्या तोंडावर पाणी मारले, थोडे तोंडात घातले, मग ब्रँडी घातली. सिम्पसन यांचे म्हणणे पडले की मुलगी क्लोरोफॉर्मने नव्हे तर घशात गेलेल्या या द्रवांनी गुदमरली. लंडनचे जॉन स्नो (कॉलऱ्याचा माग काढताना पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावणारे तेच हे स्नो) म्हणाले, वाफेची मात्रा एकदम जास्त झाली आणि हृदय थांबले. तेव्हापासून दोन तट पडले. लंडनचे डॉक्टर क्लोरोफॉर्म देताना नाडीवर बोट ठेवून बसत, एडिंबरोचे डॉक्टर छातीकडे पाहत.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेत वाढलेले. श्वासाकडे नीट लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्मने कोणी मरत नाही असे ते ठासून सांगत. त्यांच्या आग्रहावरून सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने 1888 मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला. निष्कर्ष अर्थातच लॉरींच्या बाजूचा आला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली, तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि लॅन्सेटनेच आपला माणूस पाठवावा असे सुचवले. त्याप्रमाणे 1889 मध्ये सर लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले आणि दुसरा आयोग बसला. शेकडो कुत्र्यांवर आणि काही माकडांवर प्रयोग झाले. आजच्या नियमांत यातले बहुतेक प्रयोग करताच आले नसते. ब्रंटन आले होते ते हृदयाचा पक्ष मनात धरून. शेवटी त्यांनीही मान्य केले की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर.

हा निष्कर्ष पुरता खरा नव्हता. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली असताना शरीरात अॅड्रिनॅलिन वाढले तर हृदयाचे ठोके एकदम विस्कटतात आणि ते क्षणात निकामी होते. भीतीने थरथरणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत नेमके काय झाले असेल, याचा अंदाज त्यावरून करता येतो. लॉरी हरले म्हणायचे तर म्हणता येईल. पण आयोगाने क्लोरोफॉर्म देणाऱ्यांसाठी जी व्यवहारातली सूत्रे घालून दिली ती आज वाचली तरी पटतात. रुग्णाच्या मानेभोवती, छातीवर, पोटावर काहीही आवळलेले नसावे. छाती आणि पोट हलताना दिसेल असे ठेवावे. देणाऱ्याने आपले सारे लक्ष श्वासावर ठेवावे. श्वासात अडथळा वाटला तर खालचा जबडा पुढे उचलावा, लागल्यास जीभ चिमट्याने बाहेर ओढावी. सिद्धान्तात चूक आणि सूचना मात्र बरोबर, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडलेले आहे. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हे कबूल करायला थोडे जड जाते, इतकेच.

लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या हैदराबादच्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर 1889 पासून तेथील रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. 1909 मध्ये त्या पुढील शिक्षणासाठी एडिंबरोला गेल्या. बीड, परभणी, औरंगाबाद ज्या संस्थानात होते त्याच संस्थानातली ही बाई. तिच्या नावाचा एखादा धडा असायला हरकत नव्हती.

आता जबडा पुढे उचलल्याने काय होते ते पाहू. घोरणारा माणूस सर्वांनी पाहिलेला असतो. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो, वाट अरुंद होते आणि त्या फटीतून जाणारी हवा मऊ भागांना थरथरवते. भूल दिल्यावर हेच कितीतरी अधिक प्रमाणात होते, आणि मुख्य फरक असा की झोपेतला माणूस गुदमरला की कूस बदलतो, भूल दिलेला बदलत नाही. जीभ खालच्या जबड्याला चिकटलेली आहे. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते, आणि स्वरयंत्रावरचे झाकणही उचलले जाते. ही हातोटी हायबर्ग आणि एस्मार्क यांनी 1870 नंतरच्या दशकात लिहून ठेवली. तिला खर्च काही नाही. अडचण एकच, की दोन तासांच्या शस्त्रक्रियेत दोन तास कोणीतरी दोन्ही हातांनी जबडा धरून बसावे लागते. धरणाऱ्याची बोटे आखडतात आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला घास चावताना जबडा दुखतो.

यावर उपाय म्हणून लंडनचे फ्रेडरिक ह्युइट यांनी 1908 मध्ये तोंडातून घशापर्यंत जाणारी एक छोटी वाकडी नळी वर्णिली. तिच्या तोंडाशी धातूची कडी होती. हिलाच पुढे ‘एअरवे’ हे नाव रूढ झाले, आणि आपल्याकडच्या दवाखान्यांतही तोच शब्द चालतो. या सुरुवातीच्या कडक साधनांनी काम होई, पण दात हलत, ओठ फाटत, घशाचा मागचा पडदा खरचटत असे. अमेरिकेतील आर्थर गेडेल यांनी 1933 मध्ये आपल्या रबरी एअरवेबद्दल लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी ही नळी ‘इजा न करणारी’ आहे असे म्हटले होते. वाट उघडी राहिली एवढ्यावर समाधान न मानता ती ठेवताना माणसाला काय सोसावे लागते हेही इथे शीर्षकात आले. प्लास्टिकची गेडेल एअरवे आजही तालुक्याच्या रुग्णालयापासून मोठ्या शहरापर्यंत सर्वत्र असते.

तिचे माप घेण्याची रीत मुलांनाही करून पाहता येईल. नळी गालावर आडवी धरायची. एक टोक तोंडाच्या कोपऱ्याशी आणि दुसरे जबड्याच्या कोनाशी, म्हणजे कानाच्या पाळीखाली, आले तर माप बरोबर. आखूड नळी जिभेलाच मागे ढकलते, म्हणजे जी वाट उघडायची तीच बुजवते. लांब नळी स्वरयंत्राचे झाकण खाली दाबते. दोन्हीकडे एखाद्या सेंटिमीटरचा प्रश्न आहे. वर्गात खरी नळी लागत नाही, दोरा आणि फूटपट्टी पुरे. पाचवीतला मुलगा, दहावीतली मुलगी आणि गुरुजी यांची मापे फळ्यावर लिहिली तर एकाच मापाची नळी का चालत नाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

एअरवे जिभेपुरती. पोटातले अन्न किंवा रक्त उलटून श्वासनलिकेत जाऊ नये, किंवा तोंडावरच शस्त्रक्रिया करायची असेल, तर नळी थेट श्वासनलिकेत घालावी लागते. ग्लासगोचे विल्यम मॅकीवेन यांनी 1878 च्या जुलैत जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या एका रुग्णाच्या श्वासनलिकेत, तो जागा असतानाच, बोटाने चाचपत तोंडातून नळी घातली आणि मग तिच्यातून क्लोरोफॉर्म दिले. त्याआधी प्रेतांवर त्यांनी सराव केला होता. रुग्णाने काय सहन केले असेल याची कल्पनाच करवत नाही.

ही पद्धत रुळली ती पहिल्या महायुद्धानंतर, आणि तिच्यामागचे कारण मापाचेच होते. खंदकांत लढणाऱ्या सैनिकांचे डोके वर येई, त्यामुळे चेहऱ्यावर गोळे आणि किरचा लागत. अशा हजारो तरुणांवर इंग्लंडमधील सिडकप येथे सर्जन हॅरॉल्ड गिलीज शस्त्रक्रिया करीत. भूल देण्याचा मुखवटा नाक, गाल आणि हनुवटी यांवर टेकतो. ज्याचे नाक उरलेले नाही आणि हनुवटी उडाली आहे त्याच्या चेहऱ्यावर तो टेकणार कुठे? शिवाय मुखवटा जिथे ठेवायचा तिथेच सर्जनला काम करायचे. आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम या दोन तरुण भूल देणाऱ्यांनी यातून मार्ग काढला. आधी हवा आत नेणारी एक आणि बाहेर आणणारी एक अशा दोन बारीक नळ्या, पुढे एकच रुंद नळी. मॅगिलना असे आढळले की दुकानात गुंडाळून ठेवलेल्या रबरी नळीचे तुकडे कापले की त्यांना एक नैसर्गिक वाक आलेला असतो आणि तो वाक घशाच्या वळणाशी जुळतो. तिरपे कापून आणि कड गुळगुळीत करून त्यांनी त्या नाकातून, न पाहता, श्वासाच्या आवाजाच्या अनुरोधाने घातल्या. सकाळच्या ताज्या हवेचा वास घेताना माणूस मान पुढे आणि तोंड किंचित वर करतो, तशी डोक्याची ठेवण करावी, ही त्यांचीच सूचना. ‘मॅगिल वाक’ हा शब्द आजही नळ्यांच्या वेष्टनांवर असतो.

आपल्याकडे अशा नळ्या नेहमीच्या वापरात यायला बराच काळ गेला. 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ काढले, तेव्हा मध्येच वीज गेली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी अशा पोटाच्या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घालण्याची रीतच नव्हती. दिवा गेला असताना रुग्णाचा श्वास कसा चालला आहे हे कानाने आणि हातानेच ओळखायचे.

नळी आत गेली तरी तिच्या बाजूने फट राहतेच. ती बुजवण्यासाठी गेडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी 1928 मध्ये नळीभोवती फुगवता येणारा फुगा बसवला. इंग्रजीत त्याला कफ म्हणतात. खोकल्यातल्या कफाशी त्याचा संबंध नाही, पण गोंधळ नको म्हणून आपण फुगाच म्हणू. फुगा खरोखर वाट बंद करतो का हे पटवण्यासाठी गेडेल यांनी स्वतःच्या कुत्र्याला भूल दिली, नळी घालून फुगा फुगवला आणि त्याला चक्क पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले. नळीतून श्वास चालू राहिला. बाहेर काढून शुद्धीवर आल्यावर कुत्र्याने अंग झाडले. त्या कुत्र्याचे नावच ‘एअरवे’ होते.

पाणी आत गेले नाही, हे खरे. पण फुग्याखालच्या श्वासनलिकेचे काय झाले हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. एक-दोन तासांच्या शस्त्रक्रियेत तो उघडाही पडत नव्हता. 1952 च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीनंतर रुग्णांना दिवसचे दिवस नळीतून श्वास देणे सुरू झाले आणि मग काही आठवड्यांनी एक नवीच तक्रार दिसू लागली. बरे होऊन घरी गेलेला रुग्ण धापा टाकत परत येई. फुगा जिथे होता तिथे श्वासनलिकेत जखम होऊन, ती भरताना आवळून वाट बारीक झालेली असे. बोस्टनच्या कूपर आणि ग्रिलो यांनी 1969 मध्ये अशा श्वासनलिका तपासून जखमेच्या पायऱ्या एकेक करून मांडल्या. दोष फुग्याच्या दाबाचा होता.

इथे थोडे थांबून हिशेब करू. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या केशिकांतील दाब फार नसतो. बाहेरून त्याहून जास्त दाब आला की त्या चपट्या होतात आणि तो भाग उपाशी राहतो. सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी 1984 मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा पाण्याच्या 30 सेंमी उंचीच्या स्तंभाएवढ्या दाबाला अस्तर फिके पडू लागले आणि 50 सेंमीला रक्तप्रवाह जवळजवळ थांबला. म्हणून फुग्यातील दाब 20 ते 30 सेंमी पाण्याच्या दरम्यान ठेवावा असा नियम झाला. खाली गेला तर लाळ बाजूने झिरपते. 30 सेंमी म्हणजे शाळेतील एक फूटपट्टी. पाऱ्यात सांगायचे तर 30 भागिले 1.36, म्हणजे सुमारे 22 मिलिमीटर. वर्गात पारदर्शक नळी ‘यू’ आकारात फळ्यावर अडकवून रंगीत पाणी भरावे आणि मुलांना एका बाजूने फुंकायला सांगावे (प्रत्येकाला तोंडाशी वेगळा तुकडा द्यावा). दोन पातळ्यांमध्ये फूटपट्टीएवढा फरक पाडायला शाळकरी मुलाला विशेष कष्ट पडत नाहीत. तेवढ्या फुंकरीने श्वासनलिकेचे अस्तर उपाशी राहू शकते, हे मग मुलांना आपोआप समजते.

जुन्या लाल रबरी नळ्यांचा फुगा लहान आणि जाड होता. तो फुगला की चेंडूसारखा गोल होई. श्वासनलिका मात्र गोल नाही. तिच्या कड्या घोड्याच्या नालासारख्या असतात, पुढून वक्र आणि मागून सपाट. गोल चेंडू त्या आकारात बसवायचा म्हणजे आधी श्वासनलिकेलाच गोल करावे लागते, आणि हे काम तो फुगा पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरहून अधिक दाबाने करीत असे. त्यात त्या नळ्या उकळून पुन्हा पुन्हा वापरल्या जात, तसतसे रबर कडक होई. 1970 नंतर मोठे आणि पातळ प्लास्टिकचे फुगे आले. ते पूर्ण फुगवण्याची गरजच पडत नाही. ओल्या धोतरासारखे ते श्वासनलिकेच्या आकाराला लपेटून बसतात, त्यामुळे कमी दाबात फट बुजते. घशाने नळीसारखे व्हावे ही अपेक्षा सोडून नळीने घशासारखे व्हावे, असा हा बदल होता.

तरीही सारे मिटले नाही. भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो फुग्याच्या पातळ भिंतीतून आत झिरपतो, आतला नायट्रोजन तितक्या वेगाने बाहेर पडत नाही, आणि सकाळी बरोबर असलेला दाब तासाभराने वाढलेला असतो. फुग्याला जोडलेली छोटी पिशवी बोटांनी दाबून दाबाचा अंदाज करण्याची सवय सर्वत्र आहे. बोटांचा अंदाज वारंवार चुकतो असे पुष्कळ पाहण्यांत आढळले आहे, आणि तो बहुधा जास्तीच्या बाजूला चुकतो. दाब मोजण्याचे साधे घड्याळासारखे उपकरण मिळते. आमच्या मते जिथे नळी घातली जाते तिथे ते असलेच पाहिजे. नळी घातल्यावर घसा दुखण्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत सातांतील एकापासून निम्म्या रुग्णांपर्यंत सापडते. यात फुग्याच्या दाबाचा आणि नळीच्या जाडीचा वाटा मोठा आहे.

लहान मुलांच्या बाबतीत गोष्ट आणखी नाजूक. तान्ह्या मुलाच्या वाटेचा व्यास 4 मिलिमीटर धरला आणि सूज येऊन सगळीकडून एक-एक मिलिमीटर कमी झाला, तर उरले 2. व्यास निम्मा झाला. हवा संथ वाहते असे मानले तर प्वाझय यांच्या नियमाप्रमाणे अडथळा दोनाच्या चौथ्या घाताने, म्हणजे सोळा पट वाढतो. मोठ्या माणसाच्या 16 ते 18 मिलिमीटर व्यासात तेवढीच सूज जाणवणारही नाही. या भीतीने मुलांसाठी बिनफुग्याची नळी वापरायची असा दंडक अर्धशतक चालला. त्याला आधार होता शरीररचनेचा. मुलांची वाट नरसाळ्यासारखी असून स्वरयंत्राखालच्या अंगठीच्या आकाराच्या कूर्चेपाशी ती सर्वांत अरुंद आणि गोल असते, म्हणून गोल नळी तिथे आपोआप बुचासारखी बसते, असे 1951 मधील एकेनहॉफ यांच्या लेखापासून सारे शिकत आले. एकेनहॉफ यांनी ही माहिती घेतली होती 1897 मधील बायू यांच्या कामावरून. ते काम मृत मुलांच्या घशात प्लास्टर ओतून काढलेल्या साच्यांचे होते. प्लास्टरने मऊ भाग बाजूला रेटले, कडक अंगठी तेवढी जागच्या जागी राहिली आणि तीच सर्वांत अरुंद दिसली. जिवंत मुलांची एमआरआय आणि दुर्बिणीने पाहणी 2003 आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सर्वांत अरुंद जागा वर स्वरतंतूंपाशी आणि अंगठीची पोकळी पूर्ण गोल नसून किंचित लांबट, असे दिसले. मग गोल बूच सगळीकडून सारखे कसे बसणार? एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला दाब. 2009 मध्येच युरोपातील अनेक रुग्णालयांत मिळून 2246 मुलांवर तुलना झाली. बिनफुग्याच्या नळीचे माप चुकल्यामुळे ती बदलण्याची वेळ शंभरात सुमारे 31 मुलांवर आली, नव्या पातळ फुग्याच्या नळीत शंभरात 2 मुलांवर. नंतर श्वासात घरघर होण्याचे प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखेच, 4.7 आणि 4.4 टक्के. एका साच्याने किती वर्षे दिशाभूल केली पाहा.

गंमत अशी की दुसऱ्या एका भूलतज्ज्ञाला अशाच साच्यांनी वाट दाखवली. लंडनचे आर्ची ब्रेन 1981 च्या सुमारास विचार करीत होते की नाकावरचा मुखवटा बाहेरून टेकतो, श्वासनलिकेतील नळी फार आत जाते, मग मुखवटाच स्वरयंत्राच्या तोंडावर का टेकवू नये? दातांच्या दवाखान्यात नाकावर ठेवायच्या गोल्डमन मुखवट्याची फुगीर कड त्यांनी पाहिली. प्रेतांच्या घशाचे प्लास्टरचे साचे काढून त्यांनी तिचा आकार ताडून पाहिला, आणि ती कड एका तिरप्या कापलेल्या नळीवर ताणून बसवली. पहिला नमुना असा घरगुती होता. 1983 मध्ये लेख आला, 1988 मध्ये साधन बाजारात आले. मधली वर्षे आकार घडवण्यात गेली, कारण टोक दुमडते, स्वरयंत्राचे झाकण मध्ये येते, कड गळते, अशा अडचणी एकेक करून सोडवाव्या लागल्या. बायू आणि ब्रेन यांच्यातला फरक हाच की ब्रेन साच्यावर थांबले नाहीत, प्रत्येक नमुना जिवंत घशात कसा बसतो हे पाहत राहिले. स्वरतंतूंच्या मधून काही जात नसल्याने घसा दुखण्याचे प्रमाणही या साधनात साधारणपणे कमी आढळते. 2007 मध्ये मुहम्मद नासिर यांचे ‘आय-जेल’ आले. त्यात फुगाच नाही, मऊ जेलसारख्या प्लास्टिकलाच घशाचा आकार दिलेला आहे.

या घशातल्या मुखवट्यांची मापे वजनावर ठरतात. 30 ते 50 किलोला 3 नंबर, 50 ते 70 ला 4 नंबर, त्यावर 5 नंबर. वजन आणि घसा यांचा संबंध ढोबळच असतो. म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ आकड्यावर न थांबता रुग्णाचे तोंड, मान आणि जबडा पाहतात. हे ‘पाहणे’ मोजमापात आणण्याचे काम करणाऱ्यांत दोन भारतीय नावे ठळक आहेत. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. शेषगिरी राव मल्लमपती यांनी 1985 मध्ये 210 रुग्णांच्या पाहणीतून दाखवले की तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ आणि टाळूच्या कमानी किती दिसतात यावरून नळी घालणे किती अवघड जाईल याचा अंदाज येतो. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे काम करणाऱ्या डॉ. विजयालक्ष्मी पाटील यांनी 1983 मध्ये कंठमणी ते हनुवटी हे अंतर मोजायला सांगितले. मान पूर्ण मागे टाकून ते साडेसहा सेंटिमीटरपेक्षा बरेच कमी भरले तर सावध राहायचे. एकट्या चाचणीवर विसंबता येत नाही, पण दोन्हींना खर्च शून्य.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात आढळलेला एक विकार नोंदवला आणि 1953 मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी तसाच विकार येथील रुग्णांत वर्णिला. गालांच्या आतील अस्तर पांढरट, ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. सुपारी हे त्याचे मुख्य कारण आहे. गुटख्याच्या पुड्या आल्यावर हा विकार तरुणांत वाढला. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी आधीचे ताठलेले गाल बंदीने मऊ होत नाहीत. ज्याचे तोंड दीड-दोन सेंटिमीटरच उघडते त्याच्यासाठी या लेखातील बहुतेक साधने कुचकामी ठरतात. गेडेल एअरवे आत जाऊ शकत नाही, ब्रेन यांचा मुखवटा दातांतून सरकत नाही, स्वरयंत्र पाहण्याचे पाते वळत नाही. मग रुग्ण जागा ठेवून, नाक आणि घसा बधिर करून, लवचीक दुर्बिणीवरून नळी आत न्यावी लागते. ही युक्ती लंडनचे पीटर मर्फी यांनी 1967 मध्ये पित्तनलिका पाहण्याच्या दुर्बिणीने प्रथम केली. मात्र दुर्बीण आणि ती चालवणारा हात दोन्ही मोठ्या रुग्णालयात असतात. शिरूर कासारच्या रुग्णाला त्यासाठी बीड, अंबाजोगाई किंवा त्याहून दूर जावे लागू शकते, आणि ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळण्यापेक्षा चार दिवस आधी कळलेले बरे.

त्याची तपासणी घरी, वर्गात, कोठेही होते. तर्जनी, मधले आणि अनामिका ही आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का ते पाहावे. वर्गात करून पाहताना हात धुऊन घ्यावेत, आणि ज्याची बोटे बसत नाहीत त्याला सर्वांसमोर काही न विचारता बाजूला बोलवावे. सुपारीचा विषय तिथे काढता येतो. शिक्षकांच्या बाबतीत एक जास्तीची सूचना: नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, आणि आपला सारा दिवस त्या तंतूंवर चालतो. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा आपण शिकवतो हे सांगावे, हलणारा दात, कवळी, पूर्वी कधी नळी घालायला त्रास झाला असल्यास तेही सांगावे. नंतर आवाज दोन-चार दिवस घोगरा राहणे नेहमीचे आहे. आठवडा उलटून गेला तरी सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि तोवर तास बदली शिक्षकाला द्यावेत.